मुलांनी चालविलेली यंत्रे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. शिक्षण म्हणाल तर सातवी. आजवर मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाचे वाण वाटले, पापडांचा हिशेब ठेवला. पण या जागी उभे राहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिकडची हकीकत सांगा." आता माझी अमेरिका ती केवढी! माझी धाकटी बहीण न्यू जर्सी राज्यात एडिसन गावी राहते. तिला दुसरे मूल व्हावयाचे होते. आमची आई नाही, म्हणून २०२३ च्या मे महिन्यात मी तिच्या बाळंतपणाला गेले आणि पाच महिने राहिले. त्यातला बहुतेक वेळ डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाचे न्हाणे यांतच गेला. उंच इमारती मी पाहिल्या, पण त्यांचे वर्णन तुम्हांला टीव्हीवाले माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी आज फक्त एका दिवसाच्या सहलीची गोष्ट सांगणार आहे. पण ती सांगण्यापूर्वी आपल्या गावची एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे.

आपल्या अर्जुनी-मोरगाव भागाला तलावांचे काय अप्रूप! नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा यंत्र नव्हते; फावडी होती, टोपल्या होत्या आणि माणसे होती. गावोगावचे मामा तलाव आणि शेतातल्या बोड्या अशाच हातांनी उभ्या राहिल्या. माझी आईसुद्धा रोजगार हमीच्या कामावर तलावाच्या पाळीवर माती टाकावयास जात असे. तेव्हा आपला गोंदिया जिल्हा वेगळा झालेला नव्हता. तो १९९९ साली झाला. आपण सगळे भंडाऱ्यातच होतो. रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याने आमच्या घरची चूल पेटली, हे मी विसरणार नाही. बाबा खणीत, आई घमेले डोक्यावर घेऊन चढ चढे, आणि मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन बाभळीखाली बसे. खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खुंट तसाच ठेवीत आणि त्यावरून खोली मोजून मजुरी देत. तो खुंट पडू नये म्हणून आई आम्हांला त्याच्या जवळ फिरकू देत नसे.

आता ते दिवस गेले. उन्हाळ्यात गाळ काढावयाचा म्हटले की पिवळे यंत्र येते आणि शंभर माणसांचे काम दिवसभरात करते. आपण त्याला जेसीबी म्हणतो. ही तीन अक्षरे म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या एका इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरे आहेत, हे मला बहिणीच्या यजमानांनी सांगितले. त्याने १९४५ साली इंग्लंडात एका छोट्या जागेत ओढगाड्या बनवून धंद्याला सुरुवात केली. पुढे १९७९ साली दिल्लीजवळ बल्लभगडला त्या कंपनीचा कारखाना निघाला, नंतर आपल्या पुण्याजवळ तळेगावलाही निघाला. आता तर खोदणारे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपण त्याला जेसीबीच म्हणतो.

हे यंत्र गावात आले की लेकरांना घरी थांबवणे कठीण, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. जेवण विसरतात, ऊन विसरतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या बाजूच्या तलावाचा गाळ निघत होता. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. रोज दुपारी पाळीवर जाऊन बसे आणि घरी येऊन मला सांगे, "आई, तो माणूस आधी खुर्ची मागे फिरवते, मग दोन पाय टेकवते, मग दांडे धरते." मी भाकरी थापता थापता हूं हूं करीत असे.

त्याच आठवड्यात शेजारच्या टोलीवरचा एक मुलगा यंत्राच्या मागे उभा होता. यंत्राचा हात फिरला आणि त्याच्या पायाला लागला. पाय मोडला, दोन महिने प्लास्टर होते. दोष कोणाला द्यावा? भोवती दोरी नव्हती, लेकरांना हटकणारे कोणी नव्हते, आणि आम्ही आया घरी होतो. तेव्हापासून माझ्या जिवात धसका बसला होता.

दोन दिवसांनी मी मुलीला शोधीत तलावावर गेले. जेवणाची सुट्टी होती, यंत्र बंद होते. चालवणारा मुलगा भला होता. पोरांना एकेक करून खुर्चीवर बसू देत होता. चार-पाच मुले बसून उतरली. मग माझी मुलगी चढली. तिने दोन्ही हातांनी दांडे धरले. पाळीवरच्या बाया हसल्या. एकीने म्हटले, "आता पोरी जेसीबी चालवतीन का बापा!" ते माझ्या कानांवर पडले आणि माझा तोल गेला. मी तिला दंडाला धरून खाली ओढले आणि सगळ्यांच्या देखत थोबाडीत मारली.

ती रडली नाही. वाटेने काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने मला एवढेच विचारले, "आई, मी पडन म्हणून मारलं, का मी पोरगी आहो म्हणून?"

मी म्हटले, "झोप आता." त्यानंतर तिने घरात यंत्राचे नाव काढले नाही.

भगिनींनो, तो प्रश्न मी पदराच्या गाठीला बांधूनच विमानात बसले.

आता सहलीची गोष्ट. ऑगस्ट महिना होता. बाळ तीन महिन्यांचे झाले होते. बहिणीचा मोठा मुलगा पाच वर्षांचा. त्याला वचन दिले होते म्हणून रविवारी सगळे मोटारीने निघालो. सोबत तिच्या शेजारची एक मराठी कुटुंबे, म्हणजे आई-बाप आणि त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या दोन जुळ्या मुली. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दही-भात घेतला होता. दीडेक तासाने वेस्ट बर्लिन नावाच्या गावी पोहोचलो. तिथे 'डिगरलँड' नावाची बाग आहे. बाग म्हणजे फुलांची नव्हे. फाटकातून आत पाहिले तर सगळीकडे पिवळी यंत्रे! मी बहिणीला म्हटले, "बाई गं, एवढ्या दूर येऊन पाहावयाचे ते जेसीबीच का?"

ही कल्पना मूळची इंग्लंडची. तिथल्या एका खोदाईची यंत्रे भाड्याने देणाऱ्या कंपनीने २००० साली केंट परगण्यात पहिली अशी बाग काढली. नंतर तिथेच आणखी तीन ठिकाणी काढल्या. अमेरिकेतली ही बाग २०१४ साली सुरू झाली. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून ती उन्हाळ्याच्या आगेमागेच उघडी असते. तिकिटाचे पैसे मी मनात रुपयांत करून पाहिले आणि गप्प बसले. आपल्याकडे रोवण्याच्या बायांना तेवढ्यासाठी किती दिवस चिखलात वाकावे लागेल, हा हिशेब सहलीच्या दिवशी करू नये. पण मी केला, हे खरे.

आत काय होते ते सांगते. यंत्रे खेळण्यातली नव्हेत, खरीच होती. पण मुलांसाठी त्यांत बदल केलेले. वेग कमी केलेला, हात ठराविक जागेपुरताच फिरणारा. लहान खोदयंत्रे एका जागी पक्की बसविलेली होती. मुलाने खुर्चीवर बसून दांड्यांनी माती उकरावयाची आणि बाजूला टाकावयाची. काही मोठ्या गाड्या मूल आपल्या बापाच्या नाहीतर आईच्या शेजारी बसून आखलेल्या वाटेने हाकीत होते. एका मोठ्या यंत्राच्या पुढच्या खोऱ्याच्या जागी बसण्याच्या खुर्च्या लावल्या होत्या. त्यात माणसांना बसवून गरगर फिरवीत. ते पाहूनच मला घेरी आली. दुसरे एक यंत्र माणसांना उंच उचलून लांबवरची झाडे दाखवून आणीत होते.

पण मी जे डोळे भरून पाहिले ते यंत्र नव्हे. मी पाहिला तो बंदोबस्त. प्रत्येक यंत्राभोवती कठडा. कठड्याच्या आत ज्याची पाळी आहे तेवढाच माणूस. दाराशी उंचीची पट्टी. मूल तिच्याखाली उभे करून पाहावयाचे, उंची कमी भरली तर आत नाही. आमच्या भाच्याला एका ठिकाणी दोन बोटांनी परत फिरावे लागले. त्याने गळा काढला, पण त्या माणसाने हसून मान हलविली ती हलविलीच. बसल्यावर कमरेला पट्टा. शेजारी एक शिकविणारा उभा. तो आधी दांडा कोणत्या बाजूला गेला की काय होते ते दाखवी, मग आपला हात काढून घेई.

मग शेजारच्या जुळ्या मुलींची पाळी आली. त्यांतली एक बसली, पट्टा लावला, दांडे धरले. कोणी हसले नाही. कोणी पाहिलेसुद्धा नाही. आमच्या पुढे एक मुलगा बसला होता तशीच ही बसली, एवढेच. आणि तिला शिकविणारी जी होती ती विशी-बाविशीतली एक मुलगीच होती. डोक्यावर टोप, हाताला माती.

माझ्या मनात तेव्हा माझ्या मुलीचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तरही. 'पडेल म्हणून मारले' हे खरे असते, तर त्याला उपाय होता. एक दोरी, एक पट्टा आणि शेजारी उभा एक शहाणा माणूस. भीतीला उपाय असतो. मी उपाय केला नाही, थोबाडीत मारली. म्हणजे ती थप्पड सगळीच भीतीची नव्हती. त्यातली अर्धी त्या हसणाऱ्या बायांमुळे होती. अर्धी ती पोरगी म्हणून होती.

बहिणीने मला ओढून नेले. "ताई, तू पण बस." मी नको नको म्हणत होते; साडी नेसलेली, पायांत चपला. त्या शिकविणाऱ्या मुलीने पदर कमरेला खोचण्याची खूण केली. भाषा कळली नाही, खूण कळली. मी बसले. तिने माझा हात दांड्यावर ठेवला. दांडा पुढे केला तसा यंत्राचा हात लांब झाला, खाली गेला, मातीत रुतला. दुसरा दांडा ओढला तशी माती भरून वर आली. मला काहीच जोर लावावा लागला नाही. चपात्यांची कणीक मळावयास याहून जास्त जोर लागतो.

तिथे मला आईची आठवण आली. त्या लहानशा यंत्राने एका वेळी उचललेली माती म्हणजे आईची कितीक घमेली झाली असती. तिच्या डोक्यावर चुंबळ असे, मानेत कायमची कळ होती. शेवटच्या दिवसांत तिला उशीवर मान टेकवतानाही दुखे. मी खुर्चीवर बसून रडले. बहिणीला वाटले मी घाबरले. तिला मी खरे कारण रात्री सांगितले, मग दोघीही रडलो.

भगिनींनो, एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्या भागातल्या तलावांची माती कोणी वाहिली? निम्म्याहून जास्त बायांनीच वाहिली असेल, असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या. तेव्हा 'बाईच्या जातीला हे काम शोभत नाही' असे कोणी म्हटले नाही. माती डोक्यावर होती तोवर ते बाईचे काम. तीच माती दांड्याने उचलता येऊ लागली, खुर्ची आली, मजुरी वाढली, तेव्हा ते पुरुषाचे काम झाले. हे कोणी ठरविले? मी तरी ठरविले नव्हते. पण मुलीला खाली ओढताना मी त्याच्यावर सही केली.

यंत्र बाईच्या हाताला ओळखीत नाही, असे नाही. आपल्या सातारा जिल्ह्याच्या सुरेखा यादव आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी आणली. गाडीतल्या माणसांना सुखरूप पोहोचल्याशी काम. चालविणारा हात बांगडीचा की बिनबांगडीचा, याने रूळ बदलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, अमेरिका आपल्याला कशी परवडावी? खरे आहे. मुंबईला घाटकोपरमध्येही २०१३ साली 'किडझानिया' नावाची मुलांची नगरी निघाली. ती कल्पना १९९९ साली मेक्सिको देशात सुरू झाली. तिथे मुलांनी डॉक्टर व्हावे, बंबवाले व्हावे, विमान चालविण्याचा खेळ खेळावा, आणि त्या कामाचे खोटे पैसे मिळवून तिथेच खर्चावे, अशी रचना. पण मुंबईचेही तिकीट, राहणे-खाणे आपल्यातल्या किती जणींना झेपेल? म्हणून मी आज मंडळापुढे एक लहानशी मागणी ठेवते.

यंदाच्या उन्हाळ्यात गाळ काढावयास यंत्र येईल तेव्हा एखाद्या सुट्टीच्या दिवशी मालकाला विनंती करून ते दोन तास सपाट जागेवर उभे करून घ्यावे. इंजिन बंद, किल्ली चालकाच्या खिशात. भोवती दोरी बांधावी. दोरी माझ्या घरची घ्या. मंडळाच्या चार जणींनी चार बाजूंना उभे राहावे. एका वेळी एक मूल. चालकाने त्याला खुर्चीवर बसवून दांडे दाखवावेत, यंत्र मागे-पुढे होताना कोठे उभे राहिले तर चालकाला दिसत नाही तेही दाखवावे. माझ्या मते हा शेवटचा धडा सगळ्यांत मोठा आहे. ज्या लेकराने चालकाच्या खुर्चीवर बसून पाहिले, त्याला कळेल की मागे उभे राहिलेले पोर त्याला दिसतच नाही. ते मग मागे उभे राहणार नाही. आपण नुसते "तिकडे जाऊ नको" म्हणून ओरडतो. कारण सांगत नाही, दाखवीत तर मुळीच नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. परदेशातली ती यंत्रे मुलांसाठी बदललेली असतात. आपल्याकडची कामाची यंत्रे तशी नाहीत. ती चालू करून मुलाच्या हाती देऊ नयेत, मांडीवर बसवूनही नाही. बसणे, पाहणे, विचारणे एवढेच. आणि काम चालू असेल त्या दिवशी लेकरे दोरीच्या बाहेर, पाळीपासून दूर. मुलांच्या आणि मुलींच्या पाळ्या मात्र सारख्या. पाळीवर उभ्या राहणाऱ्या बायांनी हसावयाचे नाही, ही माझी अट समजा.

आता शेवटचे सांगते. ऑक्टोबरात मी परत आले. नागपूरहून येताना मुलगी मोटारीत माझ्या शेजारी बसली होती. तिच्यासाठी बहिणीने कपडे दिले होते, रंगपेटी दिली होती. ते सगळे नंतर. मी तिला आधी म्हटले, "त्या रात्री तू विचारलं होतंस ना? तू पडशील म्हणून अर्धं मारलं, आणि अर्धं तू पोरगी म्हणून. ते दुसरं अर्धं माझं चुकलं. आणि पहिल्या अर्ध्यालाही मारणं हा उपाय नव्हता." तिच्या बापाने मोटारीच्या आरशातून मागे पाहिले, पण काही बोलले नाहीत. तीही बराच वेळ खिडकीबाहेर पाहात राहिली. साकोली आल्यावर तिने विचारले, "तू बसली होती त्याच्यावर?" मी म्हटले, "हो." ती म्हणाली, "दांडा जड लागते का?" मी म्हटले, "नाही. हलका असतो." मग अर्जुनी येईपर्यंत ती एकामागून एक विचारीत होती आणि मला निम्म्याचे उत्तर येत नव्हते.

आता ती नववीत आहे. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकला जाते म्हणते. आमच्या घरात याबाबत एकमत नाही. सासूबाई म्हणतात, काळे हात घेऊन पोरगी सासरी कशी जाईल. तिचे वडील अजून काही म्हणत नाहीत. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण घरात मते मोजावयाची झाली तर एक मत तिच्या बाजूला पडले आहे, आणि ते तिच्या आईचे आहे. मंडळातल्या माझ्या बहिणींची चार मते त्यात पडली, तर ते पारडे आणखी जड होईल.

बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर सांभाळून घ्या. दोरी घेऊन मी तयार आहे.